सुती बाही

सासूबाईंचा डावा हात ऑपरेशननंतर वर्षभराने सुजायला लागला. आधी घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे सरकला, मग आणखी एक, आणि शेवटी त्यांनी घड्याळ काढून उजव्या हातात घातलं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "डाव्या हातात ते मागे पडत होतं."

घरातले सगळे हसले. धाकटीही हसली. थोरली सून नवऱ्याबरोबर परगावी राहत होती आणि ही इथे, म्हणून घरात, शेजारीपाजारी, दुकानातही तिला सगळे धाकटीच म्हणत. पुढे एकदा वाळलेले कपडे घडी करताना सासूबाईंच्या झग्याची डावी बाही तिच्या हाताला वेगळी लागली. शिवण उसवून आत कापडाची पट्टी घातली होती. टाके इतके बारीक की मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसू नयेत. ते सासूबाईंशिवाय दुसऱ्या कोणाचे असणंच शक्य नव्हतं. चाळीसएक वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश आणि शर्टांच्या कॉलरी शिवल्या होत्या. धाकटी ती बाही हातात धरून बसून राहिली आणि मग संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "आईंचा हात बघितलास का तू हल्ली?"

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. छातीतली गाठ काढताना काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या होत्या. हातातलं पाणी ज्या वाटेने वर जायचं ती वाटच आता अरुंद झाली होती. हात कायम दाबात ठेवायचा, म्हणजे पाणी साचणार नाही. आणि त्या हाताला टोचायचं नाही, कापायचं नाही, भाजू द्यायचं नाही. "आजी, या हातात एकदा का जंतू शिरले तर ते धावत सुटतात. सुईसुद्धा धरायची नाही. कळलं?"

"सुई नाही तर मी करू काय दिवसभर?" सासूबाई म्हणाल्या.

"आराम करा."

"तो मला येत नाही," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. त्यात व्यायाम शिकवणाऱ्या विभागात जायलाही सांगितलं होतं. पण हात हलवायला शिकवायला माणूस कशाला, असं म्हणून सासूबाईंनी ती चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवून दिली.

दुकानातून दाबाची बाही आणली. मनगटापासून काखेपर्यंत घट्ट बसणारी, रबराच्या धाग्याची. दोन दिवसांत त्यांच्या हातावर पुरळ उठलं आणि कोपराच्या आत फोड आला. मग रबराशिवायची, नायलॉनची आणली. तिनेही तेच. रात्रंदिवस खाज. सासूबाई खाजवायच्या आणि खाजवल्याने कातडी सोलवटायची, आणि सोलवटलेली जागा दिसली की डॉक्टरीणबाईंचे 'धावत सुटतात' हे शब्द धाकटीच्या डोक्यातून जात नसत.

"माझी कातडी जुन्या वळणाची आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिला सुतीशिवाय काही चालत नाही. सुती बाही मिळते का बघ."

"आई, सूत ताणत नाही. ताणल्याशिवाय दाब कसा येणार?"

हे बोलून धाकटी कामावर गेली आणि दारातून आत शिरता शिरता थबकली. ती ज्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करत होती, त्या कारखान्यात गेली दोन वर्षं सूत ताणायला लावण्याचंच काम चाललं होतं.

कापडावर प्रक्रिया करणारा तो एक मध्यम आकाराचा कारखाना होता. मागच्या शेडमध्ये दवाखान्यांच्या पट्ट्यांचं कापड तयार व्हायचं. एरवी सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या थंड, दाट पाण्यातून काढतात ते दोन्ही काठांनी ताणून धरून, म्हणजे त्याला चकाकी येते. इथे मात्र कापड सैल सोडायचं. सैल सोडलेलं सूत कॉस्टिकमध्ये फुगतं, आखडतं, त्याला बारीक बारीक मुरड पडते. हातभर रुंदीचं पातळ कापड बाहेर येताना वीतभर रुंद आणि चांगलं जाड, फुगीर होऊन येतं. मग ते गरम पाण्याने धुवायचं, सौम्य आम्लातून काढायचं, पुन्हा धुवायचं, आणि जाळीवर सैल वाळवायचं. रबर नाही, नायलॉन नाही, पण ओढलं की लांबतं आणि सोडलं की मागे येतं. धाकटीचं काम शेवटचं. प्रत्येक गाठोड्याच्या आतल्या घडीवर तपासणीचा थेंब टाकायचा. थेंब गुलाबी झाला तर कॉस्टिक राहिलंय, गाठोडं परत धुवायला पाठवायचं. माणसाच्या जखमेवर जाणारं कापड होतं ते. त्या थेंबाच्या बाबतीत ती कोणाचंही ऐकत नसे.

प्रक्रियेचा सगळा भार मास्तरांवर होता. मास्तर म्हणजे साठीला टेकलेला, सतत नाकावरचा चष्मा वर ढकलणारा रसायनाचा पदवीधर. ती त्यांच्याकडे गेली आणि पट्टीच्या कापडाचा एक तुकडा मागितला.

"किती हवंय?" त्यांनी विचारलं.

"एका हाताला पुरेल एवढं."

त्यांना सासूबाईंचं आजारपण माहीत होतं. त्यांनी स्वतः कापून दिलं.

घरी आल्यावर धाकटीने बाही बेतली. सासूबाई समोर बसून कात्रीकडे बघत होत्या आणि त्यांचे हात शिवशिवत होते हे तिला दिसत होतं. "मीच शिवणार," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं बघायचं." सासूबाई नुसतं बघत राहिल्या. ते त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

बाही छान बसली. पुरळ नाही, खाज नाही. सासूबाई खूश. पण दुपारपर्यंत ती कोपरापाशी पिशवीसारखी सैल पडली आणि संध्याकाळी हात होता तसाच टम्म. रोज सकाळी धाकटी टेप घेऊन हाताचा घेर मोजायची, मनगटाशी, कोपराखाली, दंडाला. सूज तसूभर हलत नव्हती. उलट एका सकाळी दंडाशी थोडी वाढलीच.

"चौथीतल्या पोरांच्या गणवेशाचे गुडघे असेच व्हायचे," सासूबाई सैल कोपराकडे बघत म्हणाल्या. "एकदा फुगले की फुगलेच."

धाकटीला हसू आलं नाही. सूज जुनी झाली की हात दगडासारखा घट्ट होतो, मग काही केल्या उतरत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. कापडाचा दोष काय तेही तिला ठाऊक होतं. कॉस्टिकने सूत ताणायला शिकतं, पण पुरतं परतायला शिकत नाही. त्याला परतायला लावायचं तर आणखी एक प्रक्रिया असते. न चुरगळणाऱ्या शर्टांना जे रेझीन लावतात ते लावायचं आणि भट्टीत तापवायचं. सुताचे आतले तंतू एकमेकांशी बांधले जातात आणि कापड ओढलं तरी आपल्या जागी येतं.

तिने मास्तरांना विचारलं. मास्तरांनी चष्मा वर ढकलला.

"शर्ट माणूस सकाळी घालतो आणि संध्याकाळी काढतो. तो अंगाला घट्ट चिकटलेलाही नसतो. आणि रेझीनमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं थोडं थोडं, ते तुला सांगायला नको."

"भरपूर धुतलं तर?"

"भरपूर धुतलं तरी. नाजूक कातडी असेल तर बघ बाई. मी तरी लावलं नसतं."

त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या छोट्या भट्टीत तिने तुकडा तयार केला. भट्टीचं दार उघडताच फॉर्मल्डिहाइडच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले. तिने तो साबणाने धुतला, साध्या पाण्याने धुतला, पुन्हा साबणाने धुतला. नाकाशी धरला. वास गेला होता, किंवा तिला तो जायला हवा होता म्हणून गेला असं वाटलं. उरलेली पट्टी तिने एका पिशवीत घालून लॅबमधल्या कपाटात ठेवली.

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंना म्हणाली, "जरा सुधारलेलं कापड आहे." नवऱ्याला तेवढंही नाही. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, दिवसभर कोणत्या ना कोणत्या इमारतीच्या माथ्यावर असायचा, आणि घरी आल्यावर पायाखालच्या जमिनीवरच खूश असायचा.

नवी बाही कामाला आली. संध्याकाळपर्यंत घट्ट राहिली. आठवड्याभरात दंडाचा घेर उतरला, मग कोपराचा. सासूबाईंनी एका सकाळी घड्याळ पुन्हा डाव्या हातात घालून दाखवलं, आणि नवऱ्याने धाकटीच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "आमच्या घरातली शास्त्रज्ञ."

धाकटी हसली, पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती. रोज संध्याकाळी सासूबाईंनी काढून ठेवलेली बाही ती न्हाणीघरात नेऊन नाकाशी धरायची. घामाने आणि उबेने वास परत येतो का ते बघायची. कधी वाटायचं येतोय, कधी वाटायचं नाही. एके दिवशी कोपराच्या आत लालसर चट्टा दिसला.

"हे काय, आई?"

"उकाडा आहे."

"खाजतंय का?"

"नाही गं. किती बघशील? हात आहे तो, परीक्षेचा पेपर नाही."

चट्टा दुसऱ्या दिवशी थोडा पसरला. उद्या बाही बंद करू, असं धाकटीने ठरवलं. पण सकाळी टेप लावला तर घेर आणखी उतरलेला, आणि सासूबाई त्या आकड्याकडे अशा बघत होत्या की तिच्याच्याने बोलवेना. अजून एक दिवस, ती स्वतःला म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला बाहीची शिवण जरा निराळी वाटली, सरळ आणि सपाट. पण कामावर जायला उशीर होत होता, तिने हात लावून पाहिलं आणि सोडून दिलं.

शेजारणीचा फोन आला तेव्हा ती लॅबमध्ये कापडावर थेंब टाकत होती. "तुझ्या सासूबाई दार उघडायला आल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. हुडहुडी भरलीये. लवकर ये."

धाकटी घरी पोचली तेव्हा सासूबाई दोन पांघरुणांखाली थडथडत होत्या. तिने बाही सोडवायला घेतली, पण हात इतका तटतटला होता की निघेना. तिने कात्रीने कापून काढली. मनगटापासून दंडापर्यंत हात लालबुंद, आणि स्पर्श केला तर तव्यासारखा तापलेला. कोपराच्या आतल्या चट्ट्यावर बारीक पाण्याचे फोड आले होते. हे मी केलं, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात आला आणि मग हॉस्पिटलच्या सगळ्या वाटेवर दुसरा आला नाही. टॅक्सीत सासूबाईंचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. त्या मधूनच काही पुटपुटत होत्या. कापलेली बाही तिने पिशवीत घालून बरोबर घेतली होती.

हॉस्पिटलात ताबडतोब भरती केलं. उजव्या हाताला सलाइन लावलं. नर्सने पेन घेऊन डाव्या हातावरच्या लालीच्या कडेने रेघ काढली, खांद्याच्या जरा खाली.

"हे कशाला?" धाकटीने विचारलं.

"लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. बाहेर गेली तर मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं."

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "हाताला काही लावलं होतं का? तेल, मलम, काही?"

धाकटीने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. "बाही घातली होती. सुती," ती म्हणाली. आणि डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या तशी पुढे म्हणाली, "नुसती सुती नाही. मी तिला रेझीन लावलं होतं. शर्टांना लावतात ते. त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. मला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "किती सुटतं?"

"ते नाही माहीत."

"कळेल का?"

"कळेल," धाकटी म्हणाली आणि बाहेर येऊन तिने मास्तरांना फोन केला. कपाटातल्या पिशवीतला तुकडा तपासायला सांगितला. मास्तरांनी एक अक्षरही जास्त विचारलं नाही. "लावतो आत्ता. वेळ लागेल," म्हणाले.

नवरा कामाच्या कपड्यांतच आला, हाताला वंगण. आईकडे बघून तो बाहेरच्या बाकावर धाकटीच्या शेजारी बसला. तिने त्याला सगळं सांगितलं. मास्तरांनी काय म्हटलं होतं तेही.

त्याने हातावरचं वंगण पँटला पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे तू आईवर प्रयोग केलास."

"सूज उतरत नव्हती रे."

"मला सांगायचं तरी."

"तू नको म्हणाला असतास."

"मग?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. तो उठला, चहा आणतो म्हणाला, आणि गेला. बराच वेळ परत आला नाही.

धाकटी आत जाऊन पलंगाशी उभी राहिली. रेघेकडे बघायचं, मग सलाइनच्या थेंबांकडे, मग पुन्हा रेघेकडे. लाली रेघेला टेकली होती. एका ठिकाणी ती रेघ ओलांडून गेल्यासारखी वाटली. तिने वाकून पाहिलं, नर्सला बोलावलं. नर्सने पाहिलं आणि म्हणाली, "सावली आहे तुमची. जरा बाजूला व्हा." ती बाजूला झाली. तरी पुन्हा पुन्हा वाकून बघणं काही तिला सोडवेना. काखेपलीकडे लाली गेली तर काय होतं, हे विचारायचं होतं, पण तिने पुन्हा रेघेकडेच पाहिलं.

मास्तरांचा फोन आला. "अंगाला लागणाऱ्या कापडाला जेवढं चालतं त्याहून बरंच जास्त आहे," ते म्हणाले. "चट्टा त्याने येऊ शकतो. फोडही. पण एवढा ताप त्याने येईल असं मला वाटत नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझं हे ऐकून स्वस्थ बसू नकोस. डॉक्टरांना सांग." थोडं थांबून म्हणाले, "मीही तुला सरळ नको म्हणायला हवं होतं."

तिने डॉक्टरीणबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या पुन्हा आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि छोट्या टॉर्चने हात पहिल्यापासून बघायला लागल्या. दंड, कोपर, मनगट. मग पंजा. बाही मनगटापाशीच संपत होती, त्यामुळे धाकटीने पंजाकडे नीट पाहिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट उलगडून पाहिलं आणि तर्जनीपाशी थांबल्या. टोकाला एक काळा ठिपका होता, भोवती सुजून पांढुरकं झालेलं.

"आजी, हे काय आहे?"

सासूबाईंनी डोळे उघडले. तापाने त्यांचा चेहरा तुकतुकत होता. "काटा गेला असेल."

"घरात काटे कुठले?"

"असतात."

"आजी."

सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं, मग छताकडे. "सुई," त्या म्हणाल्या.

"सुई धरायची नाही म्हटलं होतं ना मी?"

"धरली."

"आई," धाकटी म्हणाली, "काय शिवत होतात?"

नवरा तेवढ्यात चहाचे कागदी पेले घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "तुझी बाही."

"माझी?"

"शिवण जाड होती गं. वाकडीही होती. कोपराच्या आत नेमकी रुतायची. सगळी उसवली आणि सपाट करून घेतली. कापड चिवट, सुई सटकली."

"मला सांगायचं ना."

"तू एवढी हौसेने केलेली. सांगितलं असतं तर तोंड पाडून बसली असतीस." त्यांचा श्वास थोडा लागला. "आणि हात उतरत होता. म्हटलं, उगाच कशाला."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "ताप या बोटातून आलाय," त्या म्हणाल्या. "लालीची सुरुवात इथून आहे. कोपरातला चट्टा वेगळा, तो कापडाचा. तो वाढला असता तर तिथूनही जंतू शिरले असते, तेव्हा ती बाही पुन्हा नाही. दोघींनाही सांगतेय." मग औषध बदलायला त्या बाहेर गेल्या.

नवऱ्याने एक पेला धाकटीच्या हातात दिला. "तुम्ही दोघी," तो एवढंच म्हणाला. तो आईच्या पायाशी बसला.

धाकटीने तेव्हाच सांगून टाकलं. आता लपवायला काही उरलंही नव्हतं, आणि नंतर धीर होईल याचा तिला भरवसा नव्हता. ते सुधारलेलं कापड म्हणजे काय होतं, भट्टीपाशी डोळे कसे चुरचुरले होते, चट्टा दिसल्यावरही आपण एक दिवस कसा ढकलला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे खाजत होतं ते त्याने," त्या म्हणाल्या.

"खाजत होतं? तुम्ही तर नाही म्हणालात."

"खाजत होतं थोडं."

धाकटीला रडू आलं. सासूबाईंनी सलाइन लावलेला हात हलवायचा प्रयत्न केला, तो हलेना, म्हणून नुसतं म्हणाल्या, "रडू नकोस. नर्स येईल आणि तुझ्याही हातावर रेघ ओढेल."

रात्र कशीबशी गेली. सकाळी लाली रेघेच्या आत होती. फार नाही, नखभर. नर्सने जुन्या रेघेच्या आत नवी रेघ काढली आणि धाकटीच्या जिवात जीव आला. पुढचे काही दिवस रेघा खाली खाली येत गेल्या. सासूबाईंचा हात नकाशासारखा दिसायला लागला. बोट चिरून पू काढला, तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही, पण चिरणाऱ्या डॉक्टरला 'चिमटा नीट धरा' असं मात्र सांगितलं.

ताप पूर्ण गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्या खणातल्या चिठ्ठीतल्या विभागात स्वतः पाठवलं. तिथली बाई तरुण होती आणि तिचे हात मोठे, उबदार होते. तिने आधी हात खालून वर हलके हलके चोळला. मग विचारलं, "आतापर्यंत काय वापरत होतात?"

धाकटीने सगळी हकीकत सांगितली. रबर, नायलॉन, कारखान्यातलं कापड, ते सैल पडणं, मग रेझीन. तिला आता हे सांगायची सवय झाली होती. तरी प्रत्येक वेळी कान तापायचेच.

"ते पहिलं कापड कसं होतं?" बाईने विचारलं. "किती ताणायचं?"

"थोडंच. आणि नंतर पूर्ण परत यायचं नाही."

बाईने कपाटातून एक फुगीर, सुती पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. धाकटीने ती ओढून पाहिली. बोटांना ती लगेच ओळखीची लागली. तोच फुगीरपणा, तीच मुरड.

"आम्ही कमी ताणणारीच वापरतो," बाई म्हणाली. "जास्त ताणणारी पट्टी माणूस झोपला तरी आवळत राहते. या पट्टीचं तसं नाही. हात हलवला की स्नायू फुगतात आणि पट्टीवर दाबले जातात, तेवढ्याने पाणी वर सरकतं. हात स्वस्थ असला की पट्टीही स्वस्थ. सैल पडते हे खरं, म्हणून रोज सोडायची आणि रोज नव्याने गुंडाळायची. बाही शिवायची नाही, थरांनी गुंडाळायची. आणि आजी, हात हलवायचा. ते शिकवायला माणूस लागतो."

सासूबाईंनी एकदा धाकटीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

धाकटी त्या पट्टीकडे बघत राहिली. ज्या गोष्टीला ती इतके दिवस दोष समजून झगडत होती, तीच त्या बाईला हवी होती. रेझीनची गरजच नव्हती. मनात राग आला, कोणावर ते कळेना. खणात पडून राहिलेल्या त्या चिठ्ठीवर, स्वतःवर. मग तिने बाईला सांगितलं, "मला गुंडाळायला शिकवा."

शिकायला वेळ लागला. बोटांपासून सुरुवात, पंजावर आठाच्या आकड्यासारखे वेढे, वर जाताना दाब हळूहळू कमी. पहिल्या दिवशी तिने इतकी घट्ट गुंडाळली की सासूबाईंची बोटं निळसर झाली आणि ती घाबरून सगळं सोडून बसली. दुसऱ्या दिवशी इतकी सैल की जिना उतरेपर्यंत पट्टी मनगटाशी गोळा झाली. बाई शांतपणे पुन्हा दाखवायची.

मास्तरांनी मालकांना विचारून तिला त्या शेडमधलं कापड रीतसर द्यायची सोय केली. साधं, रेझीनशिवायचं. तरी घरी आणायच्या आधी ती प्रत्येक घडीवर थेंब टाकते, उलगडून मध्ये, कडेला, पुन्हा मध्ये. मास्तर एकदा म्हणाले, "एवढे थेंब टाकलेस तर कापड ओलंच व्हायचं." तिने मान हलवली आणि आणखी एक टाकला.

आता रोज सकाळी दोघी खिडकीपाशी बसतात. सासूबाई हात उशीवर ठेवतात, धाकटी पट्टी गुंडाळते. "इथे जरा ओढ," सासूबाई म्हणतात. "इथे सुरकुती राहिली. कॉलर अशी लावली असतीस तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती." वाकडं झालेलं त्या आता तोंडावर सांगतात. कधीकधी इतकं सांगतात की त्या सगळं मनात ठेवायच्या तेच दिवस बरे होते असं धाकटीला वाटतं आणि ती पट्टी टाकून उठते. मग नवरा जिन्यात बूट घालता घालता ओरडतो की लवकर आटपा, हिला उशीर होतोय. त्याने धाकटीला पुन्हा शास्त्रज्ञ म्हटलेलं नाही. पण हॉस्पिटलातून आल्यावर गुंडाळायला तोही शिकून आला, आणि सुट्टीच्या दिवशी तो गुंडाळतो. वाईट गुंडाळतो.

हात पूर्वीसारखा झालेला नाही, होणारही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय. सूज उतरते, थोडी चढते, पुन्हा उतरते. धाकटीची धास्तीही तशीच. संध्याकाळी कामावरून आली की चपला काढायच्या आधी तिची नजर सासूबाईंच्या डाव्या हातावर जाते. बोटं, नखं, पट्टीच्या वर उघडा राहिलेला खांदा. कुठे लाल दिसतंय का ते.

परवा सासूबाईंनी तिला दारातच थांबवलं.

"हात कुठे जात नाही," त्या म्हणाल्या. "आल्यावर आधी माझ्या तोंडाकडे बघत जा. विचार, आई, चहा झाला का."

"झाला का?" धाकटीने विचारलं.

"नाही झाला. तुझी वाट बघत होते."